फुफीची जमात

माझी फुफी, म्हणजे आत्या, आमच्या पडवीत बायकांना नमाज पढवायची. भांडीकुंडी उरकून, किंवा वाडीतून केळीची पानं कापून परतताना, बायका असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजच्या, वेळेला आमच्याकडं वळायच्या. विहिरीवर हातपाय-तोंड धुऊन वजू करायच्या, पदरावरून मोठी ओढणी गुंडाळायच्या आणि चटईवर एका रांगेत उभ्या राहायच्या. अशी एकत्र नमाज म्हणजे जमात. मशिदीत इमाम सगळ्यांच्या पुढं एकटा उभा राहतो. फुफी पुढं उभी राहायची नाही. ती रांगेच्या मधोमध, दोन्हीकडच्या बायकांच्या खांद्याला खांदा लावून असायची. बाई बायकांना नमाज पढवू शकते, पण तिनं रांग सोडून पुढं जायचं नाही, असं तिला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला त्या रांगेतली इमाम कोण हे कळलं नसतं. वाकायची वेळ झाली की मधून आवाज यायचा, "अल्लाहु अकबर", आणि सगळी रांग वाकायची.

आमचं गाव सोपारा आणि निर्मळच्या मधे. भोवती केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, मधे मशीद आणि मशिदीला लागून आमची आळी. माझे आजोबा याच पडवीत मुलांना कुराण शिकवायचे. फुफी दाराआडून ऐकायची. ऐकून ऐकून तिचं बरंच पाठ झालं, तेव्हा आजोबांनी तिला दाराआडून बाहेर आणून समोर बसवलं. पुढं तिचं लग्न झालं, नवरा लवकर वारला आणि मूलबाळ नसल्यानं ती धाकट्या भावाकडं, म्हणजे माझ्या अब्बांकडं, परत आली. आजोबांच्या जागी आता ती पडवीत बसून आळीतल्या मुलींना शिकवायची. मीही त्यांतली एक. तिचा आवाज जाड होता, थोडा पुरुषी म्हणावा असा. पहाटे ती चूल पेटवता पेटवता मोठ्यानं कुराण पढायची. मला कधी कुणी हाक मारून उठवल्याचं आठवत नाही, मी त्या आवाजानंच उठायची.

मी बारा-तेरा वर्षांची असताना मशिदीची दुरुस्ती झाली. आळीतले काहीजण आखातात कामाला गेले होते. त्यांनी मदत केली, पंखे आले, भोंगा आला, नवी फरशी आली. अब्बा तेव्हा मशिदीच्या कमिटीवर नुकतेच गेले होते. एका बैठकीत कुणीतरी त्यांना विचारलं, "मशीद एवढी चांगली झाली, मग तुमच्या घरात दुसरी मशीद कशाला?" सगळे हसले. अब्बा घरी आले ते तोंड पाडून.

"आपा, उद्यापासून बायकांना सांग, आपापल्या घरी पढा," ते फुफीला म्हणाले.

"का?"

"लोक हसतात."

"नमाजला हसतात?"

"मला हसतात," अब्बा म्हणाले.

फुफीनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी बायका आल्या तेव्हा तिनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. कमिटीनं मात्र एक उपकार केला. ईदच्या नमाजला बायकांनी मशिदीत यायला हरकत नाही, असं ठरवलं. हौदाच्या पलीकडं, मशिदीच्या मागं एक खोली होती. तिच्यात जनाजा, म्हणजे मय्यत न्यायची खाट, ठेवायचे, मय्यतीला अंघोळ घालायची फळी ठेवायचे, जुन्या चटया टाकायचे. ती झाडून घेतली, आतमधे एक लहान भोंगा लावला, म्हणजे इमामांचा आवाज बायकांना ऐकू येईल. दार बंद ठेवायचं, खिडकीला पडदा लावायचा आणि बायकांनी तोंडातून आवाज काढायचा नाही, एवढ्या अटी होत्या.

फुफीला त्या खोलीचं काहीच वाटलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर फक्त मशीद होती. एवढं आयुष्य मशिदीच्या भिंतीला लागून गेलं होतं आणि तिनं आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. ईदच्या आदल्या दिवशी तिनं माझ्या हाताला मेंदी लावली आणि म्हणाली, "उद्या आपन खुदाच्या घरी जायचं. लवकर ऊठ."

त्या सकाळी आम्ही खोलीत दाटीवाटीनं उभ्या होतो. भिंतीला जनाजा उभा करून ठेवला होता, त्याच्यावर चादर टाकली होती. पुढच्या रांगेत मी, माझ्या एका बाजूला फुफी, दुसऱ्या बाजूला शेजारची सून. ती पोटुशी होती, दिवस भरत आले होते. तिच्या पलीकडं माझी अम्मी. भोंग्यातून पेशइमामांचा आवाज अगदी कानाशी बोलल्यासारखा येत होता. फुफी मान खाली घालून ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं ते पुसलं नाही.

पहिली रकात, म्हणजे नमाजचा पहिला फेरा, नीट झाली. दुसऱ्या रकातीत आम्ही सज्द्यात गेलो, कपाळं चटईला टेकली आणि वीज गेली.

पंखे थांबले. भोंगा बंद पडला. आम्ही उठायच्या हुकमाची वाट बघत राहिलो. फुफीनंच आम्हाला शिकवलं होतं की इमामाच्या आधी सज्द्यातून डोकं उचलणाऱ्याला भीती असावी, खुदा त्याचं डोकं गाढवाचं करील. आम्हा मुलींना तर ते शब्दशः खरं वाटायचं. मी डोळे घट्ट मिटून घेतले. बंद दारातून मशिदीतलं काही ऐकू येत नव्हतं. घाम कपाळावरून चटईत उतरत होता. कुणाचं तरी बाळ रडायला लागलं, पण आईनं हात पुढं केला नाही. पलीकडं पुरुषांची नमाज संपलीसुद्धा होती. सलाम फिरवून ते खुतबा ऐकायला बसले होते. ईदच्या नमाजनंतर इमाम उभे राहून जे बोलतात ते सगळे गप्प बसून ऐकतात, त्यामुळं तिकडून उठण्याबसण्याचा आवाजही येईना. आम्हाला कुणी काही कळवलं नाही. मागच्या खोलीत बायका आहेत हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

शेजारची सून कण्हायला लागली. पोटावर भार येत होता. आधी हळू, मग दातांतून. ती एका कुशीवर कलंडली आणि माझ्या अंगावर पडली, पण कपाळ चटईवरून उचलायला ती तयार नव्हती. कपाळ खाली आणि अंग वाकडं, अशी ती तडफडत होती.

तेव्हा फुफीनं आवाज दिला.

"अल्लाहु अकबर."

पडवीत द्यायची तसाच, मोठा, जाड. सगळी रांग उठून बसली. ती परत म्हणाली, आम्ही परत सज्द्यात गेलो, उठलो, बसलो. मग तिनं उजवीकडं आणि डावीकडं सलाम फिरवला. सगळ्यांनी तिच्या पाठोपाठ फिरवला. आमची नमाज पूर्ण झाली. सुनेला दोघींनी धरून भिंतीला टेकवलं, कुणीतरी तिच्या तोंडावर हौदाचं पाणी मारलं.

वीज नव्हती म्हणून पेशइमाम साध्या आवाजात बोलत होते. त्या शांततेत फुफीचा आवाज बंद दारातूनही सगळ्या मशिदीनं ऐकला. ईदच्या दिवशी, गावातला झाडून सगळा पुरुष बसलेला असताना.

अब्बा घरी आले. त्यांनी शीरखुर्म्याची वाटी हातात घेतली आणि परत खाली ठेवली. दुपारनंतर मुतवल्ली, म्हणजे मशिदीचा कारभार बघणारे म्हातारे गृहस्थ, कमिटीच्या लोकांना घेऊन आमच्याकडं आले. आळीतल्या बायकांना बोलावून घेतलं. पुरुष पडवीत बसले, आम्ही आत, मधे चादर बांधली. पेशइमामही आले होते. ते उत्तरेकडचे, तरुण, गावात नवे. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की इमामाचा आवाज तुटला तर मागच्यांनी आपली नमाज आपण पूर्ण करायची असते, त्यात गुन्हा नाही. आवाज काढला हे बरं झालं नाही, पण गुन्हा नाही.

मुतवल्ली म्हणाले, "आप पढाइये, मसले हम देखेंगे."

 मग मुतवल्लींनी चादरीकडं तोंड करून एकेका बाईला तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन विचारायला सुरुवात केली. "ही बाई बोलली तेव्हा तू तिच्या मागं नमाज पढलीस का?"

पहिली म्हणाली, "मी आधीच उठली होती."

दुसरी म्हणाली, "मना ऐकूच आलं नाय."

तिसरीनं सांगितलं की ती बाळाला घेऊन बाहेर निघून गेली होती. चादरीच्या आत आम्ही सगळ्या एकमेकींकडं बघत होतो. प्रत्येकीला ठाऊक होतं की जी ती खोटं बोलतेय. फुफी मधे बसली होती, मांडीवर हात ठेवून, प्रत्येक उत्तर नीट ऐकत. शेजारच्या सुनेची पाळी आली. ती भिंतीला टेकून बसली होती, अजून पांढरीफटक. तिचा नवरा बाहेर होता, सासरा बाहेर होता. ती म्हणाली, "मी बेशुद्ध होते, मना काय म्हाइत नाय."

शेवटी अम्मी.

"मी सज्द्यातच होते," अम्मी म्हणाली.

"तिच्या आवाजावर उठली नाहीस?"

"नाही."

"मग कधी उठलीस?"

 बाहेर कुणीतरी हसलं. अब्बा म्हणाले, "ती म्हणतेय ना नाही म्हणून."

मी बोलायला तोंड उघडलं तशी अम्मीनं माझ्या मांडीला इतका जोरात चिमटा काढला की त्याचा वळ बरेच दिवस काळानिळा होता. मला कुणी विचारलंच नाही.

मुतवल्लींनी निवाडा दिला. बाकी सगळ्या बायका निर्दोष. एकट्या हिनं मशिदीत आवाज केला, मर्दांच्या नमाजचा मान घालवला. "हे काय चर्च आहे, बायकांनी गायला? तिनं इथं, सगळ्यांसमोर चूक कबूल करावी."

फुफी चादरीच्या आतून म्हणाली, "मी नमाज पुरी केली. माझ्या मागं कोनीच नव्हतं, असं या म्हनतात. मग मी पढवली कोनाला?"

बाहेर गडबड उडाली. अब्बा उठून उभे राहिले. चादरीवर त्यांची सावली पडली. ते म्हणाले, "बाईचा आवाज हा पडदा आहे, परक्या मर्दाच्या कानावर जायचा नाही. माझ्या घरात आजपासून हिचा आवाज निघणार नाही. जबाबदारी माझी." मुतवल्ली त्यावर समाधानी झाले. माफी मागायचा विषय तिथंच राहिला. पुरुषांनी चहा घेतला आणि पांगले.

अब्बांनी शब्द पाळला. पहाटे फुफी पढायला लागली की ते आतून काठी आपटायचे. फुफी थोडे दिवस आवाज लहान करत गेली आणि मग तिनं तो बंद केला. चुलीपाशी नुसते ओठ हलायचे. मुली शिकायला यायच्या बंद झाल्या. त्यांच्या आया आल्या आणि पडवीत रांगेनं ठेवलेल्या, कुराण ठेवायच्या लहान लाकडी घडवंच्या एकेक करून उचलून घेऊन गेल्या. फुफीनं प्रत्येकीला तिच्या मुलीची घडवंची कोणती ती दाखवून दिली.

सगळ्यात वाईट पोरं. फुफी विहिरीवर निघाली की आळीतली लहान पोरं तिच्या मागं रांग धरायची. एक ओरडायचा, "इमामसाहेब आले", आणि रांग वाकायची. ती थांबली की सगळी भुईवर डोकं टेकवायची आणि उठायचीच नाहीत, ढुंगणं वर करून हसत पडून राहायची. दारादारांत त्यांच्या आया उभ्या असायच्या. काही तोंडाला पदर लावून हसायच्या, काही पदर न लावता. याच बायका तिच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या. शेजारची सून तर तान्ह्याला कडेवर घेऊन बघायची. फुफी घागर भरायची आणि त्याच वाटेनं परत यायची. दुसरी वाट होती, वाडीतून, लांबची. ती तिनं कधी धरली नाही.

मला एकदा राहवलं नाही. मी म्हटलं, "फुफी, त्यांना काहीतरी बोल."

ती म्हणाली, "आवाज काढायला मनाई आहे."

ती घरात बोलायची, जेवायला वाढायची, भाताला पाणी किती हे सांगायची. पण त्यानंतर मी तिला मोठ्यानं कुराण पढताना ऐकलं नाही. माझं शिक्षण तिथंच अर्धवट राहिलं. अक्षर लावून लावून वाचता येतं, तेवढंच.

पुढं माझं लग्न झालं आणि मी विरारला, मनवेलपाड्यातल्या एका चाळीत राहायला गेले. माझी मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास अब्बांना झटका आला. एक बाजू गेली. बोलणं जड झालं, पण कळण्याइतकं राहिलं. मशीद एवढी जवळ, भोंग्यावरची अजान थेट खाटेवर यायची आणि त्यांना उठता यायचं नाही. सुरुवातीला जमातीतले लोक येऊन बसायचे, मग कमी झाले, मग येईनासे झाले. मी मुलीला घेऊन अम्मीच्या मदतीला जाऊन राहिले.

अब्बांना कुराण ऐकायचं होतं. अम्मीला वाचता येत नव्हतं. मी वाचायला बसले, पण मी अडखळायची, चुकायची, आणि चूक ऐकली की ते चांगल्या हातानं खाट बडवायचे. एका दुपारी ते म्हणाले, "आपाला बोलाव."

फुफी आली. केस पूर्ण पांढरे झाले होते, पण पाठ ताठ होती.

"आपा, यासीन पढ," अब्बा म्हणाले. कुराणातली ही सूरा शेवटच्या आजारात माणसापाशी पढतात.

फुफी खाटेशेजारी पाटावर बसली. डोळे मिटले. तिचे ओठ हलायला लागले. अब्बा कान देऊन ऐकत राहिले. मग म्हणाले, "मोठ्यानं."

"मोठ्यानं कसं पढू?" फुफी म्हणाली. "बाईचा आवाज पडदा आहे. तूच सांगितलं होतं."

"मी भाऊ आहे तुझा."

"तेव्हापन भाऊच होतास."

अब्बांचा चेहरा एका बाजूनं वाकडा झालेला, तो आणखी वाकडा झाला. अम्मी पुढं आली आणि तिनं फुफीचे पाय धरले. "आपा, त्यांच्याकडं बघा तरी." फुफीनं पाय सोडवून घेतले, हळूच, मांजराला बाजूला करावं तसे. म्हणाली, "कमिटीनं बंद केलं. कमिटीनं सांगितलं तर पढीन."

अब्बांनी मला मुतवल्लींकडं पाठवलं. ते फार म्हातारे झाले होते, ओट्यावर ऊन खात बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हाताचा द्रोण करून कानाला लावला.

"कोणती मनाई?" त्यांनी विचारलं.

मी ईदची गोष्ट सांगितली. वीज गेली ती, चादर बांधली ती, निवाडा दिला तो. ते आठवायचा खरंच प्रयत्न करत होते. शेवटी मान हलवून म्हणाले, "नाय बुवा. घरात पढायला कोन कशाला अडवील? पढा म्हनावं. खुदा सवाब देतो."

मी धावत घरी आले. मला वाटलं, सुटलं. अब्बांच्या खाटेपाशीच मी सगळ्यांसमोर सांगितलं की ते पढा म्हणतात, त्यांना तर काही आठवतसुद्धा नाही.

फुफी माझ्याकडं बघत राहिली. "आठवत नाही?"

"नाही."

"काहीच?"

"काहीच नाही, फुफी."

ती परत पाटावर बसली. मला वाटलं, आता ती आवाज काढील. तिनं डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागली. आवाज नाही. अब्बांनी तिच्या ओढणीचं टोक पकडलं, ओढलं, "आपा, आपा" म्हणत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानात ओघळत होतं. मी तिला म्हटलं, "फुफी, एवढं तरी कर. त्यांना ऐकू जाऊ दे."

"मी पढतेय," ती डोळे न उघडता म्हणाली. "ज्याला ऐकायचं तो ऐकतो."

त्यानंतर ती रोज येऊन बसायची. न चुकता, असरच्या नमाजनंतर. तिनं अब्बांची सगळी सेवा केली. अंग पुसलं, पेज भरवली, चादरी धुतल्या. अम्मी थकायची, फुफी थकली नाही. पण त्या पाटावर बसली की आवाज नाही. अब्बा आधी विनवायचे, मग शिव्या द्यायचे, मग नुसते तिच्या ओठांकडं बघत राहायचे, बहिऱ्या माणसानं बघावं तसे. असंच बघता बघता एका दुपारी ते गेले. फुफीनं त्यांचे डोळे मिटले, हनुवटी बांधली आणि मगच अम्मीला हाक मारली.

अम्मी इद्दतीत बसली होती, नवऱ्यामागं चार महिने दहा दिवस तिनं घराबाहेर पडायचं नव्हतं. घरातल्या मोठ्या आता दोघीच. एक आतल्या खोलीत नमाज पढायची, दुसरी स्वयंपाकघरात. मधे एक भिंत. एकदा मी म्हटलं, दोघी एकत्र का पढत नाही? अम्मीनं आशेनं वर पाहिलं. फुफी म्हणाली, "तुझी अम्मी माझ्या मागं कधी पढलेली नाही. चारचौघांत सांगितलंय तिनं." अम्मीनं मान खाली घातली आणि तांदूळ निवडत राहिली. भावजय विधवा झाली, म्हातारी झाली, रात्रंदिवस सोबतीला तीच होती, तरी फुफीनं तिला ते एक वाक्य कधी माफ केलं नाही.

अम्मीची इद्दत संपल्यावर मी परत निघाले, तेव्हा फुफी मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. माझ्या मुलीचं बोट तिच्या हातात होतं. एसटीला वेळ होता. बरेच दिवस मनात असलेलं मी विचारलं, "फुफी, अब्बांपाशी बसायचीस तेव्हा तू यासीनच पढायचीस ना?"

"नाही," ती म्हणाली.

"मग काय पढायचीस?"

"काही नाही. नुसते ओठ हलवायची."

 निर्मळकडून एक सायकलवाला फुलांच्या टोपल्या घेऊन आला आणि आमच्यापुढून गेला. फुफीनं मुलीला रस्त्यातून मागं ओढलं, तिच्या फ्रॉकवरची धूळ झटकली आणि मला म्हणाली, "हिला कोनाकडं तरी शिकायला घाल. तुझ्यासारखं अर्धं ठेवू नको."

"तू शिकवशील?"

"नाही," ती म्हणाली, आणि एसटी दिसली तसं तिनं माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.